एकाने वाटायचं, दुसऱ्याने निवडायचं

सूप दोघांपुरतं करायचं होतं आणि पुष्पावतीने बारा जणांना पुरेल एवढं करून ठेवलं होतं.

अवंतीने पातेल्यावरचं झाकण उचललं, आत पाहिलं, मग सासूकडे पाहिलं. पुष्पावती म्हणाली, तुरीचे ओले दाणे मी अगदी दोन कप मोजून घेतले होते. ते खरंच होतं. फक्त पातेल्यात पडल्यावर ते तिला फार केविलवाणे दिसले, म्हणून तिने वर एक मूठ टाकली. मग घरकामाला येणाऱ्या रंगूने जामसरहून सोलून आणलेली अख्खी टोपली समोर दिसली, आणि त्यापुढचं तिला नीटसं आठवत नव्हतं. बेचाळीस वर्षं या घरात येणाऱ्याजाणाऱ्याचं पोट भरलेल्या बाईला दोन माणसांचा स्वयंपाक सांगणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला बादलीत पोहायला सांगण्यासारखं होतं.

"शनिवारी असं चालणार नाही, आई," अवंती म्हणाली.

शनिवारी अवंतीच्या टेबलावर पहिले पाहुणे येणार होते, नाशिकचं एक जोडपं. दिवाळीपासून ती या एका टेबलाच्या मागे लागली होती. जव्हारच्या घराची पुढची खोली तिने रिकामी केली, जुनं शिसवी टेबल पॉलिश करून घेतलं, दोन खुर्च्या मांडल्या आणि ठरवलं की एका वेळी दोघांनाच जेवू घालायचं, आणि तेही आजेसासऱ्यांच्या, म्हणजे रघु खानसाम्याच्या पद्धतीने. रघुने तीस वर्षं विश्रामगृहावर साहेबलोकांना रांधून घातलं होतं. आधी सूप, मग कटलेट, मग मिरी लावून तुपात भाजलेली कोंबडी आणि शेवटी कॅरॅमल पुडिंग असा त्याचा क्रम असे. जव्हारला तेव्हा मटार मिळत नसत म्हणून तो ओल्या तुरीचं सूप करी, आणि पाव शिळा आला की नागलीची पातळ भाकरी त्रिकोणी कापून तुपात परतून देई. साहेबलोक त्याचंच जास्त कौतुक करत. एक मोठे साहेब बदली होऊन जाताना आपला दोन माणसांचा जेवणाचा संच त्याला देऊन गेले होते. पांढरी चिनी माती, काठाला निळी रेघ.

आज रविवारी शनिवारची चाचणी होती. पण पुष्पावतीला घोर लागला होता तो काही सुपाचा नाही. त्या संचाचा निम्मा भाग मोखाड्याला, तिच्या धाकट्या जावेच्या कपाटात होता. अवंतीने परस्पर फोन केला होता आणि ममता आज तो घेऊन येणार होती. अकरा वर्षांनी ती या घराची पायरी चढणार होती.

अकरा वर्षांपूर्वी वाटणी झाली ती रघुने घालून दिलेल्या नियमाने. एकाने वाटायचं, दुसऱ्याने निवडायचं. विठ्ठलराव थोरले, पंचायत समितीत कारकून, तेव्हा वाटे त्यांनी करायचे होते. गौतम धाकटा, मोखाड्याला शिक्षक, त्याने निवडायचं होतं. शेताचे वाटे झाले, घराचे झाले, पितळेचे झाले, कोणी चकार शब्द काढला नाही. मग संच आला. दुसऱ्या कोणी तो अख्खा एका बाजूला ठेवून दुसरीकडे तांब्याचा हंडा ठेवला असता आणि मोकळा झाला असता. विठ्ठलरावांनी तसं केलं नाही. आयुष्यभर कोणाच्या अर्जाला त्यांनी आधीउशिरा केलं नव्हतं, ते प्लेटांना कसं करतील? एक प्लेट इकडे, एक तिकडे. एक कप इकडे, एक तिकडे. एक काटा, एक सुरी, एक चमचा. सुपाचं भांडं इकडे आणि त्याचं झाकण तिकडे. टेबलावरचं पांढरं कापड एकच होतं, ते त्यांनी मधोमध घडी घालून कात्रीने कापलं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. या घरात आग लागली ती चिनी मातीला.

सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून, पेंढा घालून दोन खोकी भरली होती. बाहेरून दोन्ही सारखीच. गौतम निवडायला पुढे झाला तेव्हा ममताने त्याला कोपराने हलकेच डावीकडे ढकललं. हे पुष्पावतीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मंडळी गेल्यावर तिने आपलं खोकं उघडलं, प्लेट बाहेर काढली, तर काठाला नखाएवढा टवका उडालेला. म्हणजे ममताला ठाऊक होतं. आदल्या दिवशी खोकी भरत असताना ती तिथेच घुटमळत होती, तेव्हाच बघून ठेवलं असणार. धड प्लेट तिने नेली आणि फुटकी मागे ठेवली.

प्लेटेचं दुःख नव्हतंच. ममता या घरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, नेसवलेल्या साडीत धड चालता येत नव्हतं. तिला हाताला धरून पुष्पावतीने घर दाखवलं होतं. पुढे मामंजींनी, म्हणजे रघुने, थोरलीला तिखट शिकवलं आणि धाकटीला गोड, कारण पुडिंगला धीर लागतो आणि थोरलीपाशी तो नाही, असं ते तोंडावर म्हणत. त्या ममताने नुसतं तोंडाने मागितलं असतं तर पुष्पावतीने दोन्ही प्लेटा तिच्या पदरात घातल्या असत्या. तिने मागितलं नाही, कोपराने ढकललं. ते पुष्पावतीच्या मनाला लागलं होतं आणि ती ते कोणापाशी बोलली नव्हती, नवऱ्यापाशीही नाही. फुटक्या प्लेटेवरून रुसले असं सांगायचं तरी कसं?

मग पुष्पावतीच्या मुलाच्या, हर्षलच्या लग्नात ममता पाहुणीसारखी आली, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेली. त्यात घरातली एक रीतही मोडली. नवी सून आली की पाचव्या दिवशी रघु आपला पांढरा कोट घालायचा, नव्या जोडप्याला टेबलाशी बसवायचा आणि स्वतः वाढायचा. पुष्पावतीला त्याने असं वाढलं होतं, ममतालाही. अवंती आली तेव्हा रघु जाऊन चार वर्षं झाली होती आणि संच निम्माच उरला होता. निम्म्या संचावर जोडपं बसवायचं कसं? अवंती त्याबद्दल कधी अक्षरही बोलली नाही. पण दोघांचं टेबल तिच्या डोक्यात कुठून आलं, हे न कळण्याइतकी पुष्पावती खुळी नव्हती.

सव्वाअकराला गौतमची गाडी दारात थांबली. ममता मांडीवरचं खोकं सावरत उतरली. पुढचे केस सगळे पांढरे झाले होते. हर्षलच्या लग्नानंतर पुष्पावतीने तिला असं समोरून पाहिलंच नव्हतं, आणि ते पांढरे केस पाहून तिचा राग क्षणभर जागा चुकला. पण ममताची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली तसा तो पुन्हा जागेवर आला.

"अवंती, काकूंना विचार, पाणी घेतात की चहा," पुष्पावती म्हणाली.

काकू तीन हातांवर उभ्या होत्या. "आईंना सांग, आधी पाणी," त्या म्हणाल्या.

असा तासभर कारभार चालला. कोंबडी कोणी आणली, पुडिंगचा साचा कुठे ठेवायचा, मोखाड्याला थंडी किती, सगळं अवंतीच्या मार्फत. ममताने खास मोखाड्याच्या शेतातली स्ट्रॉबेरी आणली होती. ती फार गोड आहे हेही पुष्पावतीने अवंतीलाच सांगितलं आणि अवंतीने इमानाने पोचवलं. विठ्ठलराव आणि गौतम ओटीवर बसून गप्पा मारत होते. ते दोघे अकरा वर्षं दर सोमवारी बाजारात एकत्र चहा पीत आले होते आणि हे बायकांना माहीत नाही अशी त्यांची समजूत होती.

सुरुवातीलाच, पाणी पिऊन झाल्यावर, ममताने पेला खाली ठेवला आणि पदर खोचला.

"अवंती, एक आताच सांगून ठेवते. तू फोनवर रडलीस म्हणून आणलं सगळं. पण पाच वाजता परत न्यायचं. शनिवारचं मला काही म्हणू नकोस."

"मी रडले नव्हते, काकू. मला सर्दी झाली होती."

"तीच ती," ममता म्हणाली आणि अंडी फोडायला घेतली.

पुष्पावतीने घड्याळाकडे पाहिलं. पाचला खोकं परत गेलं की नाशिककरांना काय, स्टीलच्या ताटलीत वाढायचं? बाजारातून नवा संच आणता आला असता. अवंती नको म्हणाली होती. रघु खानसाम्याचं टेबल म्हणून बोलावलं आहे, तर रघु खानसाम्याच्याच प्लेटा हव्यात. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते पुष्पावतीच्या जिभेवर. एक शब्द तिने आधी बोलायचा होता आणि ती कोंबडीला मिरी चोळत बसली होती.

ममताने पातेल्यातलं सूप पाहिलं आणि अवंतीला विचारलं की नाशिकहून एसटी भरून माणसं येणार आहेत का. पुष्पावतीला हसू आलं, ते तिने कोंबडीकडे वळवलं. मग ममताने खोक्यातून आपला कप काढला. मामंजींची सगळी मापं संचाच्या कपाची होती. दोन कप दूध, तीन अंडी, तीन चमचे साखर, वर जायफळाची चिमूट. अकरा वर्षं मोखाड्याला एकच कप दोनदा भरावा लागतो, असं ममता अवंतीला सहज म्हणाली. पुष्पावतीने फडताळातला आपला कप उतरवला आणि तिच्या कपाशेजारी ठेवला. ममताने दोन्ही भरले आणि एकामागून एक ओतले.

मग साखर चढली. ती वितळली, पिवळी झाली, मधाच्या रंगाची झाली, त्याच्याही पुढे गेली. वास सुटला. पुष्पावती मागे उभी होती. तिने स्वतःला बरंच आवरलं.

"काढ आता, जळेल."

"जळत नाही. अजून एक दम."

"मामंजी इथेच काढायचे."

"तुम्ही अशाच मागे उभ्या राहून घाई करायच्या ना, अक्का, म्हणून काढायचे."

ममताने भांडं उतरवलं, साच्यात पाक फिरवला, आणि मगच दोघींच्या लक्षात आलं की मध्ये अवंती नव्हती. ती दारात उभी होती, तोंडावर हात ठेवून. ममताने लगेच तिला सांगितलं की आईंना सांग, पातेल्यात पाणी बेताचं घालायचं. पुष्पावतीने ते अवंतीकडून नीट ऐकून घेतलं. पण अक्का ही हाक घरात येऊन गेली होती आणि ती परत कोणी बाहेर नेऊ शकत नव्हतं.

दीड वाजता टेबल मांडायला घेतलं. पाहुणे म्हणून दोघे भाऊ बसणार होते, कारण हर्षल शाळेच्या प्रशिक्षणाला पालघरला गेला होता. आणि खरं सांगायचं तर या घरात आधी कोणी बसायचं हा प्रश्न आजवर कोणाला पडलाच नव्हता. विठ्ठलराव हात धुऊन, रुमाल गळ्यात अडकवून केव्हाच बसले होते.

ममताने आपलं निम्मं कापड काढलं. कडेला बारीक टीप घातलेली, स्टार्च केलेलं, दुधासारखं पांढरं. पुष्पावतीचं निम्मं कापड अकरा वर्षं शिलाई मशीनवर होतं. ते पिवळं पडलं होतं आणि त्यावर मशीनच्या तेलाचा डाग होता. तो काल तिने लिंबू लावून, साबण लावून, उन्हात टाकून पाहिला होता. आता दोन कापडं शेजारी आली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ममताने सुपाचं भांडं उचललं आणि बरोबर त्या डागावर ठेवलं. मग आपल्या खोक्यातलं झाकण काढून त्यावर बसवलं. ते खट्कन बसलं.

राहिल्या प्लेटा. इथे दोघींचेही हात थांबले. पुष्पावतीने आपली प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळूनच आणली होती. एकदा ती ममताच्या प्लेटेशेजारी ठेवली की कोणाच्या वाट्याला काय आलं हे साऱ्या घराला दिसणार होतं, आणि आज, सुपाच्या त्या झाकणानंतर, तिला ते दाखवायचं नव्हतं. पण ममताही आपलं पुडकं सोडत नव्हती. शेवटी रंगूच हात पुसत पुढे झाली. तिने दोन्ही पुडकी सोडली, प्लेटा फडक्याने पुसल्या आणि उजेडात धरल्या.

"बाय, या दोनी ताटल्या तं फुटक्याच हायेत," ती म्हणाली. "पावन्यांना यातच वाढाल का?"

दोघी पुढे झाल्या. दोन्ही प्लेटांच्या काठाला टवका होता. एकाच जागी, निळ्या रेघेला लागून, नखाएवढा.

"तुझीपण फुटकी?" पुष्पावती म्हणाली.

"माझीपण म्हणजे? तुमची चांगली होती ना?"

"माझी? अगं, तू गौतमभाऊजींना कोपराने ढकललंस ना डाव्या खोक्याकडे. मी पाहिलं."

"डावं खोकं दाराजवळ होतं, अक्का. मोखाड्याची शेवटची जीप सुटत होती." ममताचा आवाज हलला. "मी घरी जाऊन उघडलं तर ही अशी. मला वाटलं, खोकी भरताना तुम्ही होतात, तुम्हाला ठाऊक होतं. एक शब्द बोलला असतात तर मी हसत नेली असती. तुम्ही बोलला नाहीत, तेच मला लागलं."

पुष्पावतीने अकरा वर्षं उराशी धरलेलं दुःख समोरची बाई शब्दाशब्दाने आपलं म्हणून सांगत होती.

एवढ्यात टेबलापाशी विठ्ठलराव गौतमला मोखाड्याच्या रस्त्याबद्दल विचारू लागले. घाटातलं काम कुठवर आलं, खडी कुठली टाकली, पावसाळ्यात टिकेल का. पुष्पावतीने हळूच मान वळवली. नवरा न विचारता रस्त्यांवर बोलायला लागला की काहीतरी लपवतो आहे, हे तिला लग्नानंतर सहा महिन्यांतच कळलं होतं. चोराच्या मनात चांदणं.

"अहो," ती म्हणाली.

विठ्ठलरावांनी रुमाल सारखा केला. "एक आधीपासूनच फुटकी होती," ते म्हणाले. "बाबांच्या हातून, विश्रामगृहावरच."

"आणि दुसरी?"

"दुसरी धड होती. आता तूच सांग. ती आपल्या वाट्याला आली असती तर थोरल्याने लबाडी केली म्हणाले असते. गौतमच्या वाट्याला गेली असती तर तू मला सुखाने जेवू दिलं नसतंस. दोन्ही वाटे सारखे हवेत. नाहीतर निवडण्याला अर्थ काय?"

"मग?"

"मग वरवंट्याने," विठ्ठलराव म्हणाले. "हलकेच. आधी पट्टीने मापून घेतलं होतं."

रंगूने फडकं तोंडाला लावलं.

"आणि अकरा वर्षं बोलला नाहीत?"

"तक्रार कोणाची आलीच नाही," विठ्ठलराव मनापासून म्हणाले. "मला वाटलं, वाटणी बरोबर झाली. तुमचं दोघींचं बिनसलं ते मी समजत होतो गौतमकडे गेलेल्या हंड्यावरून."

"मीपण हंड्यावरूनच समजत होतो," गौतम म्हणाला. "दर सोमवारी आम्ही बोलायचो, हंडा परत द्यावा का." एवढं बोलून त्याने जीभ चावली. पण सोमवारकडे कोणी लक्षच दिलं नाही.

पुष्पावतीला आधी भयंकर राग आला. समोर बसलेल्या या सज्जन, न्यायी, चाळशी लावून बसलेल्या माणसाचं काय करावं तिला कळेना. मग तिला रडू आलं. हर्षलच्या लग्नात मांडवाच्या दारात उभी राहून तिने ममताची पाठमोरी साडी पाहिली होती, मोरपंखी, ती आठवली. किती सण गेले, किती दुखणी गेली. ममताच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पुष्पावती मोखाड्याच्या गाडीत बसून वाटेतल्या फाट्यावरून परत आली होती, आणि हे तिने अजून कोणाला सांगितलेलं नव्हतं. ते आता, सगळ्यांसमोर, तिने ममताला सांगितलं.

ममता ऐकून घेत होती. तिचे डोळे भरले, आणि मग एकाएकी तिला हसू फुटलं.

"पट्टीने मापून," ती म्हणाली. "अक्का, पट्टीने."

मग पुष्पावतीलाही आवरेना. दोघी एकमेकींच्या दंडाला धरून हसत राहिल्या. रंगू हसली, अवंती हसली, गौतमही हसायला लागला. विठ्ठलरावांना नेमकं काय चुकलं ते कळलं नव्हतं, तरी ते भीतभीत हसले. त्यांचं हसू पाहून पुष्पावती थांबली आणि तिने डोळे पुसले.

"उठा," ती म्हणाली.

"आं?"

"दोघेही उठा. इथे आम्ही बसतो. वाढा तुम्ही."

विठ्ठलराव उठले. गौतम त्यांच्याही आधी उठला, त्याने खांद्यावर टॉवेल टाकला आणि खुर्ची मागे ओढून धरली, अगदी बाप धरायचा तशी. ममता बसली. पुष्पावती तिच्यासमोर बसली. या टेबलाशी ती यापूर्वी बसली होती ती लग्नानंतर पाचव्या दिवशी. तेव्हा लाजेने वर पाहिलं नव्हतं, काय खाल्लं तेही आठवत नव्हतं. आज तिने सगळं नीट पाहून, चवीने खाल्लं. विठ्ठलरावांनी सूप वाढताना अंगठा बुडवला, त्याकडे तिने कानाडोळा केला. सूप मात्र तिने दोनदा मागून घेतलं, आणि ममतानेही, कारण ते भरपूर होतं. कटलेट गौतमने उलटी पाडली. कोंबडी मोडताना दोघी काटा बाजूला ठेवून हाताने जेवल्या. अवंती बाजूला उभी राहून वहीत लिहून घेत होती की कोंबडीनंतर पाच मिनिटं थांबावं, आणि बाबांना शनिवारी आत येऊ देऊ नये.

शेवटी पुडिंग आलं. साच्यातून अलगद सुटलेलं, वरून पाक ओघळलेला, कडेने स्ट्रॉबेरी. दोघांत एकच असतं ते.

"मी कापते, तू निवड," पुष्पावती म्हणाली.

तिने सुरी घेतली आणि कापलं. एक तुकडा चांगला दीडपट मोठा झाला. तिने बशी ममतापुढे सरकवली. ममताने एकदा तुकड्यांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि लहान तुकडा उचलला.

"तुम्हाला अजून समान कापता येत नाही, अक्का."

"नाही येत," पुष्पावती म्हणाली. मोठा तुकडा तिने घेतला, त्यातला निम्मा अवंतीला भरवला आणि उरलेला सावकाश खाल्ला. अकरा वर्षं या घरात पुडिंग झालं नव्हतं. ते इतकं चांगलं असतं हे ती विसरून गेली होती.

पाच वाजायला आले. गौतमने गाडी वळवून ठेवली. रंगू प्लेटा धुऊन, पुसून, टेबलावर शेजारी शेजारी ठेवून गेली होती. ममताने रिकामं खोकं जवळ ओढलं. शब्द दिलेला होता, पाचचा, आणि ममता दिलेला शब्द मोडणारी नव्हती. शनिवार राहिला तर राहिला, असं पुष्पावतीने मनाशी म्हणून पाहिलं, पण ते तिला पटेना.

"माझी कुठली?" ममताने विचारलं.

दोघींनी प्लेटा उलटसुलट करून पाहिल्या. निळी रेघ सारखी, टवका सारखा. खालचा शिक्काही सारखाच.

"तशी ओळखता येईल," विठ्ठलराव चाळशी नाकावर सरकवत पुढे झाले. "वरवंट्याच्या टवक्याची कड जरा—"

"गप्प बसा," दोघी एकदम म्हणाल्या.

विठ्ठलरावांनी चाळशी काढून खिशात ठेवली. ममताने खोकं मिटलं आणि तसंच रिकामं उचललं. पुष्पावतीने त्यात सुपाचा डबा ठेवला, चांगला दोन शेरांचा, आणि सांगितलं की रात्री गरम करून घ्या, शेजारी द्या, इथे अजून बरंच उरलंय. मग ती फाटकापर्यंत सोबत गेली. हवेत गारवा आला होता. गाडीत बसताना ममता थांबली.

"हर्षल कधी येतोय?"

"गुरुवारी संध्याकाळी," अवंती म्हणाली.

"मग शुक्रवारी मी येते. सकाळीच. पाहुण्यांचं शनिवारी बघू. आधी घरचं जोडपं बसवायचं राहिलंय, आठ वर्षं." ती पुष्पावतीकडे वळली. "मामंजींचा पांढरा कोट आहे ना, अक्का?"

"ट्रंकेत आहे. पण यांना बटण लागायचं नाही."

"नाही लागलं तरी घालतील."

पुष्पावतीने सुनेकडे पाहिलं. अवंतीने तोंड फिरवलं होतं, ती गुलबक्षीच्या कुंडीकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. ममताने गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

"काय गं, परत सर्दी झाली?"

अवंतीने नाक ओढलं आणि हो म्हणाली.